कपाच्या बुडातली बाई

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या जाऊबाई सकाळीच घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला चहाचा सेट. म्हणाल्या, "ताई, कोणाला सांगू नका, पण आपलं नशीब उघडलं व माय!"

हा सेट मी लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हापासून ओळखते. राखाडी रंगावर उठावाचा ड्रॅगन, काठाला सोनेरी रेघ, आणि रिकामा कप उजेडाकडे धरला की बुडाशी जपानी बाईचा चेहरा दिसतो. तो बघायला घरातली पोरं भराभर दूध संपवायची. सासूबाईंच्या मामांनी हे कप आणले होते. मामा मराठा पलटणीत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर जपानवर ताबा ठेवायला जी फौज गेली, तिच्यात हिंदुस्थानी सैनिकही होते. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. मामा १९४७ साली परतले, ते ट्रंकेत कापसात गुंडाळलेले सहा कप आणि सहा बश्या घेऊनच. पुढे दोन बश्या फुटल्या. वाटणीच्या वेळी सासूबाईंनी मला पाटल्या दिल्या, धाकटीला हा सेट आणि तांब्याचा हंडा. तेव्हा कोणी काही बोललं नाही.

तर झालं असं, की जुन्या वस्तू घेणारा बाहेरगावचा एक माणूस जाऊबाईंकडे आला. त्याने कप उजेडाकडे धरला आणि म्हणे डोळेच मोठे केले. "बाई, हे तीनशे वर्षांपूर्वीचं, जपानच्या बादशहाच्या घरातलं. लंडनचं गिऱ्हाईक आहे, आठ लाख देईल. फक्त सर्टिफिकेट काढायला पंधरा हजार आधी भरावे लागतील."

माझे दीर जाऊन तीन वर्षं झाली. पुतणीला नर्सिंगला घालायचं आहे. जाऊबाई पोत गहाण टाकायला निघाल्या होत्या, वाटेत सहज माझ्याकडे वळल्या इतकंच.

मी काही यातली तज्ज्ञ नाही. लेकाकडे मुंबईला गेले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक चक्कर असते. तिथे टाटा बंधूंच्या, म्हणजे सर रतन आणि सर दोराबजींच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी आहेत. ती बघून नाद लागला, मग मिळेल ते वाचत गेले. सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग काढलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि दोघी ओसरीवर बसलो.

आधी बशी उलटी केली. जुनी भांडी ओळखायची तर नक्षी मागाहून, बूड आधी! बुडावर बारीक रोमन अक्षरं होती, 'मेड इन जपान'. आता बघा, परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेने केला. तो १८९१ पासून लागू झाला, तेव्हा जपानी लोक 'निप्पॉन' लिहू लागले. १९२१ पासून अमेरिकेने 'जपान' लिहायला लावलं. म्हणजे बादशहाची बशी इथेच गडगडली. तरी नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये. 'निप्पॉन'चे खोटे शिक्के मारलेला नवा माल बाजारात खूप आहे, आणि कित्येक अस्सल जुन्या भांड्यांवर काहीच लिहिलेलं नसतं.

मग ती बाई. चिनीमाती कुठे पातळ, कुठे जाड ठेवली की पातळ जागेतून उजेड येतो, जाड जागा काळोखी राहते. त्यातूनच चेहरा उमटतो. ही युक्ती मूळची जपानची नाहीच. फ्रान्समध्ये १८२७ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. जपानात अरिता गावी पोर्सेलिन भाजायला सुरुवात झाली ती १६१६च्या सुमारास. तेव्हा तीनशे वर्षांचा जपानी कप असू शकतो, पण बुडात बाई असलेला नाही! ड्रॅगन मात्र हाताने काढलेला. आपण कोनाने मेंदी काढतो ना, तशी पातळ माती पिळून. भिंगाखाली रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली दिसली. छापील चित्र असतं तर बारीक ठिपके दिसले असते. असे कप विसाव्या शतकात बोटी भरभरून निघाले. परतणारे शिपाई, खलाशी हौसेने घ्यायचे, आमच्या मामांसारखे.

आणि ते लंडनचं गिऱ्हाईक? आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे त्या माणसाचं खरं मानलं तर विक्री हा गुन्हा, आणि खोटं असेल तर पंधरा हजार कशाचे?

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगत होते. बोलता बोलता जाऊबाईंकडे बघितलं नि जीभच थांबली. त्या कप पुसत होत्या, एकच कप, पुन्हा पुन्हा.

"मग किती येतील?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. हौशी माणूस काही हजार देईल, बश्या कमी असल्याने त्याहून कमी. नेटवर लाखाचे आकडे दिसतात, पण ते मागितलेले असतात, मिळालेले नव्हे.

पंधरा हजार वाचले हे खरं, पण त्या दिवशी त्यांना तो फायदा वाटला नाही. आठवडाभर त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या एका नातेवाईक बाईकडून कानावर आलं, "ताईंना माझं बरं झालेलं बघवत नाही." रागही आला, आणि रात्री झोपही आली नाही.

मग एकादशीला, वाडी संस्थानाच्या रथाच्या गर्दीत, त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या माणसाचा फोन आता लागत नाही म्हणाल्या. सर्टिफिकेटसाठी पारोळ्याकडच्या एकीने पैसे भरले, तिचे गेले. मी काहीच बोलले नाही. रथ पुढे सरकला. मग त्यांनी, माझ्याकडे न बघता, हळूच विचारलं,

"ताई, आईंनी तुम्हाला दिलेल्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या?"

"साडेतीन," मी म्हटलं. "उद्या ये. पोरीच्या फीचं बोलू."