डोंगरातला वळीव

वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी करोल बागेत आंधी उठते, धुळीने दिशा कोंदतात, मग टपोरे थेंब पडतात आणि आपण मराठी माणसे खिडक्या उघडून म्हणतो, “वळीव आला!” श्रोतेहो, याच सुट्टीत आपल्यापैकी अनेकजण कुलूकडे वा मसुरीकडे निघतात. तेथे मात्र वळवाचा स्वभाव निराळा असतो.

तापलेल्या उतारांवरील हवा दुपारी वर चढू लागते. दमट वारा कड्याला अडला की त्यालाही वरच जावे लागते. मेघ भराभर उंचावतो आणि एखाद्याच खोऱ्यावर रिता होतो. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर आपले हवामान खाते त्यास ढगफुटी म्हणते. एवढा पाऊस २० चौरस किलोमीटरांवर पडला, तर २० लाख घनमीटर पाणी होते! सपाटीवर ते पसरले असते. डोंगरात ते दगडमातीसह एका अरुंद ओढ्यात उतरते.

पर्जन्यमापकाला हे दिसेलच असे नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात आलेल्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. तेथील हवाई दलाच्या वेधशाळेत नोंद झाली ती अवघ्या १२.८ मिलिमीटरांची. म्हणून डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी वरच्या अंगाला गडगडाट ऐकू येताच, पाणी गढूळ होताच किंवा अकस्मात आटताच नदीकाठ सोडून उंचावर चढावे. आटणे हे मी अधिक भयंकर समजतो, कारण वर कोठेतरी दरडीने प्रवाह अडविलेला असण्याचा संभव असतो. सामान आणि मोटार तेथेच राहू द्यावी.