काळ्या पाषाणाखालील पोकळी

पांढुर्ण्याच्या संत्राबागेत विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो एके काळी वाहता होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा कातळ झाला. असा रस वाहू लागला की त्याची वरची साय आधी थिजते. आतला रस उष्ण राहून पुढे सरकतो. उगम आटल्यावर मागे उरते ती दगडी छताची पोकळ नळी. चंद्रावरील अशा नळ्यांतच मानवाचा तेथील निवारा व्हावा, असे अनेक शास्त्रज्ञांस वाटते. चंद्राच्या पृष्ठावर दिवसा उष्णतामान १२० अंशांवर चढते, रात्री शून्याखाली १५० अंशांपलीकडे उतरते; शिवाय वातावरणाचे पांघरूण नसल्याने घातक किरणांचा मारा अखंड चालू असतो.

पण न खणता पोकळी ओळखावी कशी? पाण्याची जागा शोधणारे तज्ज्ञ जमिनीत चार सळया रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात, आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. ओल्या, सच्छिद्र थरातून वीज सहज जाते. कोरडी पोकळी तिला अडविते. अडचण ही की, भरीव पाषाणही तिला अडवितोच! येथे गुरुत्वमापक कामास येतो. सौसरच्या प्राचीन खडकांत मँगनीजसारखे जड खनिज असेल तेथे पृथ्वीची ओढ किंचित वाढते. पोकळीवर ती घटते. हा फरक अतिशय सूक्ष्म. २० मीटर रुंदीच्या आणि तितक्याच खोलीवर मध्य असलेल्या बोगद्याने ओढ दहा लाखांत एका भागाहूनही कमी घटते. असे यंत्र १९७२ साली अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर फिरविले होते.

रडारची गोष्ट निराळी. पांढुर्ण्याच्या ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी काही हातांतच विरतात. चंद्राची माती कोरडी ठणठणीत, म्हणून तेथे त्या खोल जातात. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांवरून अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, न ढासळलेली नळी दाखवून दिली. परंतु छत किती भक्कम, हे छायाचित्र सांगत नाही. २०१० साली घेतलेल्या रडारच्या नोंदी पुन्हा तपासून, शांतिसागरातील एका विवराच्या तळाशी भुयार असल्याचे २०२४ साली इटलीच्या संशोधकांनी मांडले.

पांढुर्ण्याच्या शिवाराखाली अखंड नळी मिळण्याची आशा फारशी धरू नये. एवढ्या काळात पाण्याने पाषाण कुजविला, पोकळ्या भरून काढल्या. तरी यंत्रांच्या तालमीस हा मुलूख चांगला. थर भरीव की पोकळ, याविषयी यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे येथे शेजारच्या विहिरीत डोकावून पडताळता येते.