कॉम्प्युटरची जागा संपली? जोडखोली काढूया!



मागच्या वेळी आपण गटाचे लेखे कॉम्प्युटरवर कसे ठेवायचे ते पाहिलं. त्यानंतर दोन-तीन गावांतून एकच प्रश्न आला, "ताई, आमचा कॉम्प्युटर सारखा म्हणतो जागा संपली. आता नवा घ्यायचा का?" बहुतेक वेळा गरज नसते. घरात माणसं वाढली की आपण घर पाडत नाही, जोडखोली काढतो. कॉम्प्युटरलाही तशी काढता येते. ती कशी काढायची ते आज सांगतो, आणि कशी काढू नये तेही, कारण ती चूक आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत जेवणाच्या डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर आहे. वीज कमी लागते, टेबलावर जागा कमी लागते, म्हणून घेतला. आत २५६ जीबीची डिस्क. चार वर्षांत ती भरली. कशानं भरली हे बघायला बसलो, तर हिशेबाच्या सगळ्या फायली मिळून चिमूटभरच निघाल्या. जागा खाल्ली होती फोटोंनी, व्हिडिओंनी आणि याच रेडिओसाठी केलेल्या रेकॉर्डिंगनी. डब्ल्यूएव्ही प्रकारचं चांगलं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी घेतं. म्हणजे अर्ध्या तासाची मुलाखत ३०० एमबी. तीच साध्या एमपीथ्रीत ३० एमबीच्या आसपास बसते.

कर्जवाटपाच्या दिवशी खोलीत बायका बसलेल्या आणि फाइल सेव्ह होईना. मग घाईघाईत बाजारातून चार तोंडांचा एक स्वस्त हब आणला. हब म्हणजे एका यूएसबी तोंडाची अनेक तोंडं करणारी डबी. त्याला जुनी हार्ड डिस्क लावली, कीबोर्ड लावला, माउस लावला, आणि कुणीतरी मोबाइलही चार्जिंगला लावला! मग फोल्डर 'कट' करून डिस्कवर टाकायला सुरुवात केली. अर्ध्यात डिस्क टकटक करू लागली आणि पडद्यावरून गायबच झाली. पुन्हा लावली तर उघडेना.

झालं काय होतं? यूएसबी तोंडातून मिळणारी वीज मोजकी असते. यूएसबी २ च्या तोंडाला ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ला ९००, असा नियम आहे. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर तेवढ्यातच सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. फिरती तबकडी असलेल्या हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. एका भाकरीत पाच जण जेवायला बसले, तसं झालं. आणि 'कट' केल्यामुळे जे पुढे गेलं ते मागे शिल्लक नव्हतं.

दोन वर्षांची इतिवृत्तं त्यात होती. ती वाचली, कारण आपली नोंदवही कागदावर असते. खजिनदार ताई आणि आम्ही मिळून पंधरा दिवस संध्याकाळी बसून पुन्हा टाइप केली. पण गटाच्या पहिल्या अध्यक्षा काकूंची मुलाखत गेली ती गेलीच. त्या हसून म्हणाल्या, "पुन्हा सांगीन गं, पण त्या दिवशी आठवलं होतं ते सगळं आज आठवेलच असं नाही."

मैत्रिणींनो, ही चूक तुमच्याकडे होऊ नये म्हणून हे सगळं सांगतोय. आता नीट कसं करायचं ते ऐका. कागद-पेन्सिल घ्या.

पहिलं, हब स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा घ्या. हल्ली असे हब मिळतात की त्यांच्या पोटातच एसएसडी बसवायची खाच असते. ते छोट्या कॉम्प्युटरच्या खाली किंवा शेजारी सपाट बसतात. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती वीज कमी घेते आणि धक्काही सोसते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. तिला एम.२ म्हणतात, आणि वर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. तिच्यात सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. हब कोणता प्रकार घेतो हे आधी दुकानदाराकडून लिहून घ्या, मगच एसएसडी घ्या. नाहीतर ब्लाउज एका मापाचा आणि अस्तर दुसऱ्या मापाचं!

दुसरं, हबची वायर कॉम्प्युटरच्या वेगवान तोंडात लावा. यूएसबी ३ चं तोंड बऱ्याचदा आतून निळं असतं. तोंड, वायर, हब आणि डिस्क यांत जे सगळ्यात हळू, त्याच वेगानं काम चालतं.

तिसरं, नवी एसएसडी लावल्यावर कधी कधी दिसतच नाही. घाबरू नका, ती कोरी वही आहे, रेघा मारायच्या आहेत. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून तिला जीपीटी निवडा आणि एनटीएफएस प्रकारानं फॉरमॅट करा. नीट बघा, नवीच डिस्क निवडली आहे ना? फॉरमॅट केलं की आधीचं पुसलं जातं. आणि १००० जीबीची डिस्क ९३१ दाखवते, त्यात दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

चौथं, 'कट' नाही, 'कॉपी' करा. पुढे पोहोचलेल्या पाच-सहा फायली उघडून बघा, फायलींची संख्या जुळवा, मगच मागच्या पुसा. फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग बाहेर न्या. चालू वर्षाचे लेखे आतच राहू द्या.

पाचवं, हबचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटर एकाच इन्व्हर्टरवर ठेवा. नाहीतर लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि डिस्क मधेच तुटते. काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. आणि हबवर विणलेला रुमाल घालू नका. एसएसडी तापते, तिला हवा लागते.

सहावं सगळ्यात महत्त्वाचं. जोडखोलीत सामान हलवलं म्हणजे त्याची दुसरी प्रत झाली असं नाही. सामान एकच, फक्त खोली बदलली. म्हणून दर महिन्याच्या बैठकीनंतर आम्ही सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क खजिनदार ताईंच्या घरी कपाटात राहते. 'प्रत घेतली' अशी नोंद इतिवृत्तात होते, खाली दोघींच्या सह्या. सभासदांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती त्यात असतात, म्हणून त्या डिस्कला पासवर्ड लावलाय. आपल्याकडं कुणीतरी विश्वासानं दिलेला कागद आहे तो.

आणखी एक. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून हब घेणार असाल तर थांबा. त्याला रॅम कमी असेल, तर हबनं काही फरक पडणार नाही. जाणत्या माणसाला आधी दाखवा.

आम्ही तीन दुकानांची दरपत्रकं घेतली, ठराव केला, आणि हब व १ टीबीची एसएसडी मिळून नऊ हजारांच्या आत काम झालं. नव्या कॉम्प्युटरला याच्या तिप्पट गेले असते. पंचसूत्रीत नियमित लेखे हे पाचवं सूत्र. लेखे लिहिणं जेवढं आपलं काम, तेवढंच ते जपणंही.

काकूंची मुलाखत आम्ही पुन्हा घेतली. या वेळी त्यांनी पहिल्या बैठकीची नव्हे, पहिल्या भांडणाची गोष्ट सांगितली! तिच्या आता दोन प्रती आहेत. पुढच्या महिन्यात तुम्हाला ती इथंच ऐकवू. तोवर आज घरी गेल्यावर एवढंच करा. गटाच्या हिशेबाची दुसरी प्रत कुठं आहे, हे तुमच्या सचिव ताईंना विचारा.

नमस्कार.