मुलांच्या दातांना व जबड्याला लागणारा मार : काही शास्त्रीय माहिती

मधल्या सुट्टीत मुले धावतात, कबड्डी खेळतात, ओट्यावरून उड्या मारतात. आणि त्यांतील एखादे तोंडावर आपटते. ओठ फुटतो, पुढच्या दाताचा टवका उडतो, हनुवटीला खोक पडते. अशा वेळी रक्त पुसून, हळद दाबून मुलाला घरी पाठविण्याचा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु या विषयात गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झाले, त्यावरून असे दिसते की, जवळच्या मोठ्या माणसाने पहिल्या तासाभरात काय केले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. शाळेच्या वेळात हे मोठे माणूस म्हणजे शिक्षकच होय.

दात हा दगडासारखा निर्जीव पदार्थ आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः बाहेरचे कठीण एनॅमल व त्याखालील डेंटीन यांच्या आत एक मऊ, सजीव गाभा असतो. त्यास दंतमज्जा म्हणतात. तीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व दात घडविणाऱ्या पेशी असतात. पुढचे कायमचे दात साधारणतः सहाव्या ते आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतात. परंतु त्यांची मुळे तेव्हा अपुरीच असतात. ती पूर्ण होण्यास आणखी सुमारे तीन वर्षे लागतात, आणि हे बांधकाम दंतमज्जाच करीत असते. पहिली-दुसरीतील मुलाची दंतमज्जा मेली, तर मूळ आखूड व पातळ राहते आणि पुढे लहानशा धक्क्यानेही दात मोडू शकतो.

दात तुटून आतला लाल ठिपका उघडा पडला की ती दंतमज्जा गेलीच, असे पूर्वी मानले जाई. या समजुतीला अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांच्या १९६५ सालच्या प्रयोगाने जबर धक्का दिला. त्यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले : काही नेहमीसारखे वाढलेले, तर काही पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढविलेले. दोहोंच्या दाढांना भोके पाडून दंतमज्जा उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांत ती कुजली व पू झाला. जंतुविरहित उंदरांत मात्र भोकात अन्नाचे कण अडकूनही दंतमज्जा जिवंत राहिली, आणि जखमेवर नव्या कठीण थराचा पूल बांधला गेला. यावरून सिद्ध झाले की, दंतमज्जेचा खरा शत्रू जखम नसून जंतू होत.

पुढे स्टॉकहोम येथील डॉ. स्वेक यांनी १९७८ साली ६० तुटलेल्या दातांवरील उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. उघड्या दंतमज्जेचा वरचा सुमारे दोन मिलिमीटर भाग काढून त्यावर त्यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड बसविले. शेकडा ९६ दात बरे झाले. विशेष असे की, अपघात व उपचार यांतील अंतर काही मुलांत एक तासाचे, तर काहींत कित्येक आठवड्यांचे होते. तात्पर्य, उशीर करू नये. पण उशीर झाला म्हणून आशाही सोडू नये. हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे रासायनिक दृष्ट्या विरलेला चुनाच होय. तथापि पानाच्या डबीतील चुना तुटलेल्या दातात कदापि भरू नये. तो शुद्ध नसतो आणि तोंड पोळते. मशेरी व तंबाखूही वर्ज्य समजावी. तुटलेला तुकडा सापडल्यास स्वच्छ पाण्यात ठेवून मुलाबरोबर द्यावा. तो पुष्कळदा पुन्हा चिकटविता येतो.

कायमचा दात मुळासकट निघाला, तर वेळेचे महत्त्व फारच वाढते. मुळाभोवती जिवंत पेशींचे नाजूक आवरण असते आणि कोरड्या हवेत त्या लवकर मरतात. कोपनहेगन येथील आंद्रेआसेन व त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली पुन्हा बसविलेल्या दातांची पाहणी प्रसिद्ध केली. अर्ध्या तासाच्या आत बसविलेल्या दातांपैकी शेकडा ९० दातांची मुळे झिजली नाहीत. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या जवळजवळ सर्व दातांची मुळे झिजली. म्हणून असा दात मुळाशी न धरता वरच्या भागास धरावा. माती लागली असल्यास क्षणभर धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर व शांत असेल तर दात त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावण्यास द्यावा. ते न साधल्यास दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्यामुळे खालच्या कायमच्या दातास इजा होते.

हनुवटीवर पडलेल्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे. हनुवटीला बसलेला तडाखा जबड्यातून वर जातो आणि कानापुढील सांध्याजवळचे हाड मोडू शकते. खोकेला टाके पडतात, जखम भरते. सांध्याचा मार मात्र ध्यानात येत नाही. दुखते म्हणून मूल तोंड उघडीत नाही, आणि काही मुलांत सांध्यात हाड वाढून जबडा कायमचा जखडतो. त्यामुळे खालच्या जबड्याची वाढ खुंटते, खाणे व दात घासणे कठीण होते, क्वचित झोपेत श्वासही अडतो. मग मोठ्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. वेळीच निदान झाले, तर मऊ आहार व डॉक्टरांच्या देखरेखीखाली जबड्याची हालचाल, एवढ्यानेच पुष्कळ मुले बरी होतात.

यासाठी शिक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात : तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस वळते काय, दात पूर्वीसारखे जुळतात काय, आणि मुलाची स्वतःची तीन बोटे, उभी एकावर एक धरून, समोरच्या दातांमध्ये मावतात काय. यांपैकी एकही खूण दिसली, किंवा कानातून रक्त आले, तर मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. मूल बेशुद्ध झाले असल्यास किंवा त्याला उलटी झाली असल्यास दाताचा विचार बाजूस ठेवून प्रथम रुग्णालय गाठावे. जखमेत माती गेली असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअन्वये आरोग्य पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. जुन्या मारामुळे काळवंडलेला दात, हिरडीवरील पुवाची पुळी किंवा पुरते न उघडणारे तोंड असलेल्या मुलांची नावे शिक्षकाने आधीच टिपून ठेवावीत व ती पथकाच्या नजरेस आणावीत. तुटलेला दात दुखेनासा झाला, म्हणजे तो बरा झाला असे पालक मानतात. पुष्कळदा दंतमज्जा मेल्यामुळेच ते दुखणे थांबलेले असते. एवढी एक गोष्ट पालकसभेत समजावून सांगितली, तरी गावातील अनेक मुलांचे दात वाचतील.