तीन कुलपांची पेटी

इंग्लंडच्या जुन्या खेड्यांतल्या चर्चमध्ये अजूनही कुठे कुठे ओकच्या जाड फळ्यांची, लोखंडी पट्ट्या मारलेली एक पेटी दिसते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत टिपावीत आणि ती वही कुलपात ठेवावी. 1603 च्या चर्चच्या नियमांनी कुलपं तीन केली. एक किल्ली पाद्र्याकडे, दोन किल्ल्या गावच्या दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघं जमले तरच पेटी उघडायची.

जमीनदारांच्या वंशावळी त्यांच्या गढ्यांमध्ये जपल्या गेल्या. शेतमजुराचा, लोहाराचा, चटया विणणाऱ्याचा वंश मात्र या पेटीतच राहिला. आज यांतल्या बहुतेक वह्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात असतात, आणि जगभर पांगलेल्या घराण्यांची माणसं त्या चाळायला येतात.

त्यांची पहिली अडचण नावांची. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ अशी मोजकीच नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. एकाच गावात, एकाच आडनावाचे तीन जॉन असले तर आपला कोणता? इथे धंदा कामी येतो. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बापाच्या धंद्याचा रकाना आला, आणि तीन जॉनपैकी एक मजूर, एक छप्पर शाकारणारा आणि एक चाकं करणारा सुतार निघाला.

हा चाकवाला सुतार शोधणाऱ्याला फार उपयोगी, कारण त्याचं कसब सहसा घरातच राहायचं. तुंब्याला एल्म, कारण ते सहजी चिरत नाही. आऱ्यांना फाडलेला ओक. परिघाच्या बाकदार तुकड्यांना चिवट ॲश. लाकूड वर्षानुवर्षं मुरवायचं, म्हणजे बापाने साठवलेली फळी मुलाने वापरायची. शेवटी तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतायचं. ती आकसली की सगळे सांधे आवळले जात. जॉर्ज स्टर्ट याने 1923 मध्ये फार्नहॅममधल्या आपल्या घरच्या कारखान्यावर पुस्तक लिहिलं. तो कारखाना त्याच्या आजोबांनी 1810 मध्ये घेतला होता. अशा घराण्याचा माग एकाच गावात तीन पिढ्या लागतो.

मजुराचं तसं नव्हतं. 1662 च्या कायद्यानुसार गरिबाला मदत त्याच्या हक्काच्या पॅरिशनेच द्यायची. अविवाहित गड्याने एका पॅरिशमध्ये पुरं वर्ष चाकरी केली की तिथला हक्क त्याला मिळे. म्हणून काही शेतकरी वर्ष भरायच्या आतच गड्याला मोकळं करत. परक्या गावात कुणी अडला की दंडाधिकारी त्याची जबानी घेत: जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, साल कुणाकडे भरलं, लग्न कधी झालं. हे कायदे निर्दयी होते. गरोदर बाईलाही गाडीत घालून हद्दीबाहेर पोचवलं जाई. पण ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचं आयुष्य त्याच्या तोंडून कागदावर आलं ते या जबान्यांमुळेच. या जबान्याही पेटीतच ठेवल्या जात, आणि मला तरी पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद हाच वाटतो.

1841 ची जनगणना त्यापुढे कंजूष आहे. पेन्सिलीची नोंद, मोठ्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेलं, आणि शेतमजुराला जेमतेम दोन तोडक्या शब्दांची जागा. जन्मगाव कोणतं, हे 1851 मध्ये प्रथम विचारलं गेलं.

तोवर बरेच जण निघून गेले होते. मळणी हा हिवाळ्यातला रोजगार. यंत्रांनी तो हिरावला तेव्हा 1830 मध्ये केंटपासून सुरुवात होऊन दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी यंत्रं फोडली. कित्येकांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं. पाठोपाठ गावांनी हिशेब केला: गरिबाला जन्मभर पोसण्यापेक्षा त्याचं जहाजाचं भाडं भरणं स्वस्त. ससेक्समधल्या पेटवर्थचा पाद्री थॉमस सॉकेट याने लॉर्ड एग्रेमाँटच्या पैशाच्या बळावर 1832 ते 1837 या काळात सुमारे 1,800 माणसं पोर्ट्समथहून कॅनडाला पाठवली. त्यांची घरी आलेली पत्रं छापली गेली, म्हणून ती आज वाचता येतात.

काही वाटा आपल्याकडेही आल्या. सैन्यात भरती होऊन मुंबई इलाख्यात आलेल्या खेडुतांचे विवाह आणि दफनं इथल्या चर्चमध्ये नोंदली गेली. त्या नोंदींच्या लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

जाणाऱ्याची नोंद राहणाऱ्यापेक्षा पुष्कळदा भरघोस असते. सरकारी मदतीने न्यू साउथ वेल्सला पोचलेल्यांच्या अनेक याद्यांत धंदा, जन्मगाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आईबापांची नावं, ते हयात असल्यास कुठे राहतात, एवढं सगळं आहे. गावच्या वहीने ज्याला फक्त मजूर म्हटलं, त्याचे आईबाप सिडनीच्या कागदात नावानिशी भेटतात. त्यामुळे घराण्याचा धागा इंग्लंडमध्ये तुटला, तर आधी तो गेला त्या बंदरातली यादी काढावी आणि तिथून उलट गावाकडे यावं.