गोव्याचे सोनेरी गरुड

मुलांनो, निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस आमच्या श्रीगोंदा तालुक्यातून धावते. पुणे, मिरज, बेळगाव करत ती घाट उतरते आणि मडगाववरून वास्कोला पोचते. ती जिथे जाऊन थांबते, त्या मुलखात पोरांच्या पायाला आधी फुटबॉल लागतो, बॅट हातात नंतर येते. आपल्याकडे सगळं उलटं! आमच्या शाळेतल्या मुलांना मेस्सी आणि रोनाल्डो तोंडपाठ आहेत. पण "भारतातल्या एका फुटबॉल क्लबचं नाव सांगा बरं," असं म्हटलं की वर्ग एकदम चिडीचूप. म्हणून आज डेम्पो स्पोर्ट्स क्लबची हकिगत सांगते.

डेम्पो हे गोव्यातल्या खाणमालकांचं एक मोठं घराणं. 1960 च्या दशकात या घराण्याने फुटबॉलच्या एका संघाला पाठबळ दिलं आणि संघाला घराण्याचंच नाव मिळालं. साळगावकरांचाही असाच संघ होता. पुढे चर्चिल ब्रदर्स आला. डेम्पोच्या खेळाडूंना लोक 'सोनेरी गरुड' म्हणू लागले. व्यावसायिक क्लब म्हणजे काय, तर तिथे खेळ हीच खेळाडूची नोकरी. करार होतो, पगार मिळतो, आणि खेळ घसरला की जागाही जाते.

भारतात 1996 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. 2007 मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. लीगमध्ये एक सामना हरला म्हणून घरी जावं लागत नाही. प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. म्हणजे चार-सहा महिने सातत्य टिकवावं लागतं. नशिबाने एखादा सामना निघतो, लीग निघत नाही.

आता खरी गंमत ऐका. 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत डेम्पोने पाच वेळा विजेतेपद पटकावलं! उरलेल्या तिनांपैकी एक चर्चिलने, एक साळगावकरने आणि एक आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने मिळवलं. ज्यांचे पाठीराखे लाखांनी मोजावे लागतात, त्या कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या हाती या आठ वर्षांत एकही लीग लागली नाही. आणि गोवा केवढा? 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. आपल्या एकट्या नगर जिल्ह्यात तेव्हा पंचेचाळीस लाख होती!

हे जमलं कसं? एक तर आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक वर्षानुवर्षं एकाच संघाबरोबर राहिले. दुसरं म्हणजे समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स ही सगळी गोव्याचीच पोरं. सतत एकत्र खेळल्यामुळे कोण कुठे धावणार हे त्यांना न बघताही कळायचं. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. या रँटीने 2011-12 च्या लीगमध्ये एकट्याने 32 गोल केले. 2008 मध्ये तर संघ एएफसी कप या आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जाऊन धडकला होता.

पण या सुवर्णकाळाची सुरुवात एका दुःखाने झाली होती. 5 डिसेंबर 2004. बेंगळुरूच्या कांतिरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसराही त्यानेच केला, आणि तो करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो मैदानावर कोसळला, तो उठलाच नाही. वय अवघं पंचवीस. डेम्पोने कप जिंकला, पण त्या कपाचा आनंद कोण करणार? क्लबने त्याचा 10 क्रमांकाचा शर्ट पुन्हा कुणालाही न देण्याचं ठरवलं. फुटबॉलमध्ये 10 क्रमांकाला केवढा मान असतो, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच हंगामात, 2005 मध्ये, या संघाने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

लोकप्रियतेचं म्हणाल, तर गोव्यात ती जरा वेगळी असते. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात गोलाचे खांब उभे राहतात आणि गावोगावच्या स्पर्धा रंगतात. माणूस आधी आपल्या गावाच्या संघाचा, मग डेम्पोचा किंवा साळगावकरचा. कोलकात्यात अख्खं शहर दोन क्लबांत वाटलेलं असतं, तसं इथे नाही. म्हणूनच एवढी विजेतेपदं मिळवूनही डेम्पोला कोलकात्याएवढी गर्दी कधी लाभली नाही.

मग 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. नवे संघ, झगमगाट, टीव्ही. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये एफसी गोवाचा नारिंगी रंग दिसू लागला. इकडे 2014-15 च्या आय-लीगनंतर डेम्पो खालच्या श्रेणीत घसरला. 2016 मध्ये तिथली स्पर्धा जिंकून संघाने वर जायचा हक्क मिळवला, पण वर गेलाच नाही! नव्या लीगला वरचं स्थान आणि आय-लीगला खालचं, या योजनेच्या निषेधार्थ डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. निषेधाचं कारण मला तरी पटतं. वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवलेली जागा मैदानाबाहेरच्या निर्णयाने कशी जाते? पण त्या वर्षी गोव्यात सोळा-सतरा वर्षांची जी मुलं डेम्पोकडून देशभर खेळायची स्वप्नं पाहत होती, त्यांची ती वर्षं गेली ती गेलीच.

क्लब मात्र बंद पडला नाही. महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये गाशा गुंडाळला होता, तसं इथे झालं नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये संघ खेळत राहिला, मुलांना शिकवणंही चालू राहिलं. 2023-24 च्या हंगामात डेम्पोने खालच्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवला आणि 2024-25 मध्ये संघ पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. संघात बरीच मुलं गोव्याचीच होती, आणि त्यांना शिकवायला उभे होते समीर नाईक. हो, तेच, सुवर्णकाळात बचाव सांभाळणारे! कुलासो सरांनाही जानेवारी 2025 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला.