बाळंतिणीचे केस : तहकूब राहिलेला हिशेब

प्रसूतीला तीन-चार महिने लोटले, पाहुण्यांची वर्दळ ओसरली आणि बाळ आईकडे पाहून हसू लागले, की नेमक्या त्याच सुमारास मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागतात. मग ‘बाळ ओळखू लागले, आता केस जायचेच’ असे एखादी आजी म्हणते, तर ‘सारे सत्त्व दुधावाटे गेले’ असा निवाडा दुसरी कोणी देते. आजीचा काळाचा अंदाज अचूक आहे. दुधावर मात्र नाहक आळ आला आहे, कारण ज्या मातांनी बाळाला अंगावर पाजलेच नाही त्यांचेही केस असेच गळतात.

डोक्यावरच्या सुमारे 1 लाख केसांपैकी प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, आणि सुमारे 3 महिने विश्रांत राहून गळतो. प्रत्येकाची पाळी निराळी असल्यामुळे रोज 50 ते 100 केस गेले तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण चढते, वाढीची मुदत लांबते आणि एरवी गळून गेले असते ते केस जागीच राहतात. डोहाळजेवणाच्या छायाचित्रातील भरघोस वेणी ही केवळ गजऱ्यांची किमया नसते. पुढे वार पडताच ही संप्रेरके झपाट्याने उतरतात, अडून राहिलेले केस एकदमच विश्रांतीत शिरतात, आणि कित्येक महिन्यांची थकबाकी एकरकमी वसूल व्हावी तसे तीन महिन्यांनी एकत्र गळू लागतात. अशा गळतीला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 साली दिले.

यात केसांची मुळे शाबूत राहतात, म्हणूनच कपाळाच्या कडेने लवकरच आखूड, उभे केस डोकावू लागतात. महिन्याला सेंटीमीटरभर या वेगाने त्यांची वेणी होण्यास अर्थातच वेळ लागतो, आणि तो कमी करण्याचे सामर्थ्य जाहिरातीतल्या कोणत्याही तेलात नाही.

तथापि सगळीच गळती या सदरात घालून मोकळे होणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यात बाळंतपणातील रक्तस्रावाची भर पडते, आणि काहींच्या थायरॉईड ग्रंथीचे कार्यही याच काळात बिघडते. अळिवाची खीर अवश्य घ्यावी. परंतु थकवा हटत नसेल, किंवा बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतरही केस गळतच असतील, तर घरच्यांनी बाळंतिणीच्या हिमोग्लोबिनची व थायरॉईडची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.